कर्जासोबत गळ्यात पडलेला विमा: तक्रार कोठे आणि कशी करावी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार माग चालवणारे माझ्या ओळखीचे एक टॉवेल उत्पादक २०२४ च्या दिवाळीनंतर कर्जाची फाइल घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न एकच होता: "पाच लाख मंजूर झाले म्हणून फोन आला, मग खात्यात चार लाख सत्त्याऐंशी हजार सातशे चारच कसे?" मंजुरीपत्र उघडले, तर त्यावर कर्जाची रक्कम ५,२१,००० रुपये होती. त्यातले २१,००० रुपये कर्जसुरक्षा विम्याच्या एकरकमी प्रीमियमपोटी, करासह, परस्पर विमा कंपनीकडे गेले होते आणि २ टक्के प्रक्रिया शुल्क व त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १२,२९६ रुपये कापले गेले होते. हे शुल्कही पाच लाखांवर नव्हे, तर पाच लाख एकवीस हजारांवर आकारले होते. म्हणजे जो विमा त्यांनी मागितलाच नव्हता, त्याच्या रकमेवर त्यांनी ४९६ रुपये प्रक्रिया शुल्कही भरले होते. व्याजाचा हिशेब त्याहून बोचरा आहे. १४ टक्के दराने पाच वर्षांत फेडायच्या कर्जात २१,००० रुपयांची भर पडली की मासिक हप्ता सुमारे ४८९ रुपयांनी वाढतो, आणि ६० हप्ते संपेपर्यंत त्या २१,००० रुपयांपोटी सुमारे २९,३०० रुपये भरले जातात.

ज्यांनी अशी तक्रार पूर्वी कधीच केलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यासाठी वकील लागत नाही. कागद, तारखा आणि थोडी चिकाटी लागते.

हा विमा असतो तरी काय

कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेले कर्ज विमा कंपनीने फेडावे, अशी ही योजना असते. काही योजनांत गंभीर आजार, अपघाती अपंगत्व किंवा नोकरी जाणे यांचाही समावेश असतो. बहुतेक वेळा हा समूह विमा असतो: मूळ पॉलिसी बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या नावावर असते आणि कर्जदाराला तिच्याखालचे विमा प्रमाणपत्र मिळते. पुष्कळ योजनांत कर्ज जसे फिटत जाते, तसे विमा संरक्षणही कमी होत जाते. प्रीमियम मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण वसूल झालेला असतो.

कर्जासाठी जीवन विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. उलट बँकांनी आपल्या सेवा विम्याच्या विक्रीशी जोडू नयेत, विम्यातील सहभाग ऐच्छिक असावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. गृहकर्ज देताना तारण घराचा आगीचा विमा मागितला जातो, ती गोष्ट वेगळी. ते तारणाचे रक्षण आहे. तरीही तोच विमा अमुकच कंपनीचा घ्या, ही सक्ती मान्य करण्याचे कारण नाही.

तक्रारीस जागा आहे का, हे आधी ठरवा

प्रीमियम कापला गेला, एवढ्यावरून चुकीची विक्री सिद्ध होत नाही, आणि ही गोष्ट तक्रारदारांना पटवून देणे मला नेहमीच अवघड जाते. विम्याच्या अर्जावर तुमची सही असेल, मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही सांगितला असेल, पडताळणीच्या फोनवर "होय" म्हटले असेल, तर समोरचा पक्ष तेच पुरावे पुढे करणार. म्हणून आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, ते एका वाक्यात लिहून पाहावे. "विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही असे सांगितले" ही एक तक्रार. "विम्याचे नावच काढले नाही, सह्यांच्या गठ्ठ्यात अर्ज घातला" ही दुसरी. "मला मधुमेह आहे हे सांगूनही आरोग्याच्या घोषणापत्रात सगळीकडे 'नाही' लिहिले" ही तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. कारण प्रीमियम तर गेलाच, शिवाय पुढे दावा केल्यावर माहिती लपवल्याचे कारण देऊन तो नाकारला जाण्याची भीती राहते. चौथा प्रकार म्हणजे ज्याला उपयोग होणारच नाही, त्याच्या माथी मारलेला विमा. नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा यंत्रमाग कामगाराला विकलेला मी पाहिला आहे, ज्याच्याकडे नेमणूकपत्र तर नाहीच, पण पगाराची चिठ्ठीही नाही. पाचवा प्रकार असा की एकरकमी विमा म्हणून सांगितले आणि प्रत्यक्षात दरवर्षी हप्ता भरायची दहा-पंधरा वर्षांची बचत पॉलिसी निघाली.

सहीच्या बाबतीत एक बारकावा सोलापुरात विशेष उपयोगी पडतो. शहराच्या पूर्व भागात अनेक कर्जदार मराठीत किंवा तेलुगूत सही करतात, काहींचा अंगठा असतो, आणि अर्ज छापील इंग्रजीत असतो. अशा वेळी "मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला" असे घोषणापत्र विम्याच्या अर्जात असते आणि त्यावर समजावणाऱ्याचे नाव व सही असते. ती जागा कोरी असेल, किंवा तेथे तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाची सही असेल, तर तो तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.

विमा सोडायचा की ठेवायचा

तक्रार करण्यापूर्वी घरात बसून हा निर्णय घ्यावा. घरात कमावणारी व्यक्ती एकच आहे, तिचा दुसरा कोणताही मुदतीचा विमा नाही, वय पन्नाशीच्या पुढे आहे, तर चुकीच्या रीतीने विकलेला विमाही उपयोगाचा असू शकतो. तो रद्द करून दुसरा घ्यायला गेल्यास प्रीमियम जास्त पडेल किंवा विमाच मिळणार नाही. अशा कुटुंबाने विमा ठेवून फक्त चुकीची माहिती दुरुस्त करण्याची मागणी करावी: आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरे लेखी दुरुस्त करून द्यावीत, वारसाचे नाव तपासावे. विमा कंपनी त्यावर प्रीमियम वाढवील किंवा विमा नाकारून पैसे परत देईल. दोन्ही गोष्टी पुढे दावा फेटाळला जाण्यापेक्षा बऱ्या. उलट ज्याचा आधीच पुरेसा मुदतीचा विमा आहे, त्याने रद्द करण्याचीच मागणी करावी.

कागद गोळा करणे

मंजुरीपत्र, कर्जकरार, रक्कम वितरणाचे पत्र, कर्जखात्याचा उतारा, विमा प्रमाणपत्र आणि विम्याच्या अर्जाची प्रत, इतके कागद हाताशी हवेत. खातेउताऱ्यात "विमा" हा शब्द दिसेलच असे नाही. "क्रेडिट शील्ड", "लोन सुरक्षा", "सीएलआय", "व्हीएएस" अशा नावांनीही ती वजावट लिहिलेली असते. शाखेत जाऊन तोंडी मागितल्यास "हेड ऑफिसला आहे" हे उत्तर ठरलेले असते. म्हणून मागणी लेखी करावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. सोबत पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण आणि ओटीपी घेतल्याची नोंदही मागावी.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी आणखी एक कागद महत्त्वाचा आहे: मुख्य तथ्य विवरणपत्र, ज्याला बँकेत सर्रास "केएफएस" म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचे असते. विम्यासारखे तिसऱ्या पक्षासाठी वसूल केलेले शुल्क त्यात वेगळे दाखवायचे असते आणि वार्षिक टक्केवारी दराच्या, म्हणजे शुल्कांसह कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चाच्या, हिशेबातही धरायचे असते. या विवरणपत्रात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. टॉवेलवाल्या गृहस्थांच्या विवरणपत्रात विम्याच्या रकान्यासमोर शून्य होते आणि वितरणाच्या पत्रात २१,००० रुपये होते. ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा तक्रार अर्धी लिहून झाली होती.

पहिले तीस दिवस

विमा प्रमाणपत्र हाती पडून ३० दिवस झाले नसतील, तर चुकीची विक्री सिद्ध करण्याच्या भानगडीत पडूच नये. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांचा विचारकाल असतो, ज्याला "फ्री लूक" म्हणतात. पूर्वी तो साधारणपणे १५ दिवसांचा होता. समूह विम्याच्या प्रमाणपत्रावरही ही तरतूद सहसा छापलेली असते. ते कलम शोधून त्याचा क्रमांक पत्रात लिहावा. या काळात पॉलिसी परत केली, तर जितके दिवस संरक्षण मिळाले त्याचा प्रमाणशीर प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून उरलेली रक्कम परत मिळते.

मुदत दस्तऐवज मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची, कर्ज मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. प्रमाणपत्र आलेच नसेल, तर "मला दस्तऐवज मिळालेला नाही, त्यामुळे माझा विचारकाल सुरू झालेला नाही" असे स्पष्ट लिहावे. मात्र एसएमएसमधली लिंक किंवा ईमेल आली होती का, ते आधी पाहून घ्यावे. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकलेला असतो आणि कंपनी नेमकी त्याचीच तारीख दाखवते.

पहिले पत्र

पत्र दोघांना पाठवायचे: विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण किंवा नोडल अधिकाऱ्याला. शाखा व्यवस्थापकाला प्रत द्यावी, पण केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये. मराठीत लिहिले तरी चालते. राग पत्रात उतरू देऊ नये. "लुटारू", "चोर" असे शब्द आले की वाचणारा मूळ मुद्दा सोडून त्यांनाच उत्तर देतो. आम्ही लिहिलेल्या पत्राचा गाभा असा होता:

"माझ्या कर्जखात्यातून दिनांक अमुक रोजी विमा प्रीमियमपोटी २१,००० रुपये वळते करण्यात आले. हा विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही. मला दिलेल्या मुख्य तथ्य विवरणपत्रात या रकमेचा उल्लेख नाही. विमा प्रमाणपत्र मला दिनांक अमुक रोजी मिळाले असून आज बाविसावा दिवस आहे. मी हा विमा रद्द करीत आहे. परताव्याची रक्कम माझ्या कर्जखात्यात मुद्दलापोटी जमा करावी, वाढीव रकमेवर आकारलेले प्रक्रिया शुल्क व व्याज परत करावे आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा."

मागणीचे शेवटचे वाक्य गाळू नये. केवळ "विमा रद्द करा" असे लिहिणाऱ्याला व्याज आणि शुल्क परत मिळत नाही, कारण त्याने ते मागितलेलेच नसते. पत्र ईमेलने पाठवावे आणि टपालानेही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे आता स्पीड पोस्टानेच पाठवून पोचपावती जपावी.

तक्रार चालू असताना कर्जाचा हप्ता थांबवू नये, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. विम्याचा वाद रास्त असला, तरी हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल बिघडते, आणि मग तुमची तक्रार थकबाकीदाराची सबब म्हणून वाचली जाते.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर

विमा कंपनीने दोन आठवड्यांत तक्रार निकाली काढणे अपेक्षित असते. तसे झाले नाही, तर विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर तक्रार नोंदवावी किंवा १५५२५५ अथवा १८०० ४२५४ ७३२ या क्रमांकावर फोन करावा. नियामक स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतो. तरी तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि कंपनीत तिची दखल वरच्या पातळीवर घेतली जाते.

यानंतर वाट दुभंगते. दोष विमा कंपनीचा आहे की कर्ज देणाऱ्याचा, यावर लोकपाल, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी, कोणता ते ठरते.

विमा कंपनीविरुद्धची तक्रार विमा लोकपालाकडे जाते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाच्या क्षेत्रात येतो. कंपनीने नकार दिल्यावर, किंवा तक्रार करून एक महिना उलटूनही उत्तर न आल्यास, एक वर्षाच्या आत येथे जाता येते. शुल्क नाही, वकील चालत नाही. तक्रारदाराने किंवा त्याच्या वारसाने स्वतःच बोलायचे असते. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो. समूह विमा आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसी यांनाही हे दार खुले आहे, म्हणून चार मागांच्या मालकाने "आपण व्यापारी, आपले कोण ऐकणार" असे समजू नये. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओद्वारेही होऊ शकते. एक दिवसाची मजुरी आणि पुण्याचे जाण्या-येण्याचे भाडे वाचते. सर्व कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देण्याची आणि त्यानंतर कंपनीने ३० दिवसांत अंमल करण्याची तरतूद आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर पुढचा मार्ग मोकळा राहतो.

कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी दोषी असेल, म्हणजे सक्ती केली, विवरणपत्रात रक्कम लपवली किंवा परतावा अडवून ठेवला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावे लागते. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर किंवा चंदीगडच्या केंद्रीय कार्यालयाकडे टपालाने करता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही माहिती मिळते, आणि सोलापुरात या तिन्हींची गरज पडते.

एकच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल तो स्वीकारत नाही. त्यामुळे सगळीकडे एकदम अर्ज टाकण्याचा उत्साह आवरावा.

ग्राहक आयोग

लोकपालाकडे समाधान झाले नाही, किंवा पैशांच्या परताव्याबरोबर मनस्तापाची भरपाईही हवी असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील दोन गोष्टी येथे कामाच्या आहेत. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले तरी दाद सोलापुरात मागता येते. आणि एक सेवा घेण्यासाठी दुसरी सेवा घेण्याची अट घालणे, याला हा कायदा प्रतिबंधक व्यापार प्रथा मानतो. कर्जासाठी विम्याची सक्ती नेमकी यातच बसते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पक्षकाराला स्वतः बाजू मांडता येते. कायद्याने तीन महिन्यांचे उद्दिष्ट ठेवलेले असले, तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून मी हा मार्ग शेवटी सुचवतो. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून पाहण्यास हरकत नाही.

बचत गट आणि पतसंस्था

विडी कामगार महिलांच्या गटकर्जांत रक्कम लहान असते, पण हीच वजावट दर कर्जाला होते. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या विनातारण सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यांनुसार कर्जाखेरीज दुसरे काहीही विकायचे तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी आणि त्याचे शुल्क कर्जकार्डावरच लिहिलेले हवे. म्हणून हप्त्याच्या बैठकीत कार्ड उघडून ती ओळ दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकीला आहे. एकटीने बोलणे जड वाटते; पाच जणींनी मिळून एकाच मजकुराचे, पण प्रत्येकीच्या सहीचे वेगवेगळे अर्ज द्यावेत.

पतसंस्थेचे कर्ज असेल, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपयोगाचा नाही. तेथे सहकार खात्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करावी. त्या व्यवहारातील विमा कंपनीविरुद्ध मात्र विमा लोकपालाचा मार्ग तसाच राहतो.

मध्यस्थांपासून सावध

"नियामकाच्या कार्यालयातून बोलतो, तुमचा प्रीमियम परत मिळवून देतो, आधी फाइल शुल्क भरा" असे फोन तक्रारदारांना हमखास येतात. विमा नियामक असे फोन करत नाही आणि पैसे घेत नाही. टक्केवारीवर परतावा मिळवून देणाऱ्यांचीही गरज नाही. येथे सांगितलेला प्रत्येक अर्ज तुम्ही स्वतः फुकटात करू शकता. ब्रिटनमध्ये याच प्रकारच्या विम्यापोटी ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत मिळाली आणि तेथे तक्रारीची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठेवली होती. त्या काळात टक्केवारी घेणाऱ्या दावा कंपन्यांचे पेवच फुटले होते, आणि जे काम ग्राहकाला एका पत्राने करता आले असते, त्यासाठी परताव्यातला मोठा वाटा त्यांनी नेला.

परतावा आल्यावर

येथे बरेच जण थांबतात, आणि टॉवेलवाले गृहस्थही थांबणार होते. विमा कंपनीने पॉलिसी रद्द केल्याचा संदेश आला, त्यांनी पेढे वाटले. पुढच्या महिन्यात कर्जाचा हप्ता तेवढाच कापला गेला, तेव्हा कळले की परताव्याची रक्कम वित्त कंपनीकडे पोहोचून नुसती पडून आहे. दुसरे पत्र लिहावे लागले. ती रक्कम मुद्दलातून वजा होऊन नवा परतफेड तक्ता हाती येण्यास आणखी सहा आठवडे गेले. म्हणून रद्द झाल्याचे पत्र आल्यावर दहा-बारा दिवसांनी कर्जखात्याचा नवा उतारा काढावा, मुद्दल किती तारखेला किती कमी झाले ते पाहावे आणि मधल्या काळातले जास्तीचे व्याज त्या तारखांवरून मोजून मागावे. कर्ज मुदतीपूर्वी फेडले असेल, तर उरलेल्या काळाच्या विम्याचे परतावा मूल्य किती, हाही प्रश्न त्याच पत्रात विचारावा. ना-हरकत दाखला देताना ते आपणहून कोणी सांगत नाही.